झिजलेला टायर ट्रॅकवर न्यावा का?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा म्हणजे दुचाकीचे माहेरघर. आकुर्डीत बजाज ऑटोचे मुख्यालय, चाकणमध्ये तिचा मोठा कारखाना. २००१ मध्ये बाजारात आलेली पल्सर आणि २०१२ मध्ये भारतात दाखल झालेली केटीएम २०० ड्यूक या मोटारसायकली याच मातीत घडल्या. २०२३ पासून ट्रायम्फची ४०० सीसीची मोटारसायकलही चाकणमध्येच तयार होते. साहजिकच येथील तरुणांमध्ये वेगाची हौस आहे आणि ही हौस रस्त्यावर न भागवता शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर, म्हणजे 'ट्रॅक'वर भागवावी, ही समजही आता रुजू लागली आहे. ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

मोठ्या मोटारसायकली पूर्ण वेगाने चालवता येतील असे देशातील प्रमुख ट्रॅक मात्र येथून दूर आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक १९९० मध्ये सुरू झाला. कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे २००३ मधील आहे. दिवंगत शर्यतपटू एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिले आहे. ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट २०११ मध्ये उभे राहिले. चिंचवडहून चेन्नई किंवा कोइमतूर गाठायचे म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटरचा प्रवास. ट्रॅकवर एका दिवसाचे शुल्क, प्रवास, मुक्काम, चामडी पोशाख असा खर्च मांडला की अनेकांच्या मनात एकच विचार येतो: 'टायर आता संपतच आले आहेत. ट्रॅकवर संपवू आणि परत आल्यावर नवे घालू.'

हिशेब वरकरणी बिनचूक वाटतो. पण ज्या दिवशी टायरकडून सर्वाधिक काम करून घ्यायचे, त्याच दिवशी तो सर्वांत दुबळा असावा, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून झिजलेला प्रत्येक टायर ट्रॅकसाठी बाद समजावा का? तसेही नाही. अर्धा झिजलेला, पण निकोप टायर ट्रॅकवर चांगला चालू शकतो. भरपूर नक्षी शिल्लक असलेला टायरही धोक्याचा असू शकतो. हा फरक कसा ओळखायचा, याची ही माहिती.

कायद्याची रेषा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९४ व्या नियमात टायरची स्थिती कशी असावी, हे सांगितले आहे. दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरवरील खाचांची खोली किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांसाठी ती किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. ही रेषा ओळखता यावी म्हणून टायरच्या खाचांच्या तळाशी जागोजागी रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. टायरच्या बाजूच्या भिंतीवर 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण शोधावा. त्या रेषेत वर पाहिले की उंचवटा सापडतो. नक्षी झिजून या उंचवट्याच्या पातळीला आली, की टायर रस्त्यावरूनही बाद होतो. ट्रॅकचा प्रश्नच उरत नाही.

मात्र ही रेषा मुख्यतः ओल्या रस्त्याचा विचार करून आखलेली असते. खाचांचे काम टायर आणि रस्ता यांच्यामधील पाणी बाहेर काढणे हे आहे. खाचा उथळ झाल्या की पाण्याचा पातळ थर टायरखाली अडकतो आणि टायर रस्त्याला स्पर्श न करता पाण्यावर तरंगू लागतो. चेन्नई परिसरात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस असतो, हे तेथे जाणाऱ्यांनी विसरू नये. कोरड्या ट्रॅकवर चालला असता असा टायर एका सरीनंतर निरुपयोगी ठरतो.

मग शर्यतीचे टायर गुळगुळीत का?

दूरचित्रवाणीवर शर्यती पाहणारे विचारतात, की शर्यतीच्या टायरवर नक्षीच नसते, मग आमचा गुळगुळीत टायर का चालू नये? दोन्ही टायर दिसायला सारखे असले, तरी त्यांच्यात मूलभूत अंतर आहे. शर्यतीचा 'स्लिक' टायर मुळातच खाचांशिवाय घडवलेला असतो. कोरड्या डांबरावर रबराचा जास्तीत जास्त भाग टेकावा, हा त्यामागचा हेतू. त्याचे रबर मऊ असते व उच्च तापमानाला काम करण्यासाठी बनवलेले असते. शर्यतीपूर्वी विजेवर चालणारी वेष्टने गुंडाळून ते सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जाते. त्या रबराची जाडीही ठरवूनच दिलेली असते.

रस्त्यावरचा झिजून गुळगुळीत झालेला टायर हा स्लिक नव्हे. त्याचे वरचे, कामाचे रबर संपलेले असते आणि उरलेल्या पातळ थराखाली धाग्यांचा सांगाडा असतो. झिजत जाण्याच्या काळात तो असंख्य वेळा तापून थंड झालेला असतो व त्याचे रबर कडक झालेले असते.

उलट, अर्धी नक्षी शिल्लक असलेल्या व सर्वत्र सारख्या झिजलेल्या टायरचा एक फायदा असतो. नव्या टायरवरील रबराचे उंच ठोकळे जोराच्या ब्रेकखाली व वळणात वाकतात, डुलतात आणि लवकर तापतात. ते थोडे झिजून बुटके झाले की डुलणे कमी होते व मोटारसायकल अधिक स्थिर वाटते. म्हणूनच 'अर्धा झिजलेला' म्हणजे 'अर्धा धोकादायक' असे समीकरण मांडता येत नाही.

सरळ रस्त्याची झीज

निगडी ते दापोडी हा सरळसोट मार्ग किंवा नाशिक महामार्गाने भोसरीहून चाकणला जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. रोज कामावर जाणारी मोटारसायकल बहुतांश वेळ उभीच धावते. त्यामुळे टायरचा मधला पट्टा झिजतो आणि दोन्ही खांदे जवळपास कोरे राहतात. मूळचा गोलाकार टायर मध्ये सपाट होतो. मेकॅनिक मंडळी याला 'टायर चौकोनी झाला' असे म्हणतात.

ट्रॅकवर नेमके उलटे घडते. तेथे खांदे राबतात. मोटारसायकल कलू लागली की सपाट पट्ट्यावरून ती खांद्याकडे सलग न सरकता सपाटीच्या कडेवरून एकदम पलीकडे पडल्यासारखी झुकते. ऐन वळणाच्या तोंडाशी हा झटका बसला, तर चालक दचकतो, हातातील जोर बदलतो आणि मार्ग चुकतो.

त्यातच चिंचवडहून चेन्नईपर्यंत मोटारसायकल चालवत नेण्याचा बेत असेल, तर जाता-येता सुमारे २,४०० किलोमीटर महामार्गावर मधलाच पट्टा झिजणार. घरी मोजलेली खोली ट्रॅकवर पोहोचेपर्यंत तेवढीच राहणार नाही. मोटारसायकल टेम्पोतून पाठवणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही.

टायरचा आकार तपासणे सोपे आहे. मोटारसायकल मुख्य स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर उभी करून मागून, टायरच्या पातळीवर डोळे आणून पाहावे. कडेपासून कडेपर्यंत एकसंध गोलाई दिसली पाहिजे. मग मध्यभागी व दोन्ही खांद्यांवर, अशा तीन ठिकाणी खोलीमापकाने खाचा मोजाव्यात आणि चाक फिरवून आणखी दोन ठिकाणी हेच करावे. आकडे कागदावर लिहून ठेवावेत.

वळणावर टायरवर काय येते?

ताशी १०० किलोमीटर वेगाने सुमारे ८० मीटर त्रिज्येचे वळण घेताना मोटारसायकलला साधारण ४५ अंशांत झुकावे लागते. या स्थितीत टायरवर येणारा भार वजनाच्या सुमारे १.४ पट होतो. मोटारसायकल व चालक मिळून २५० किलो वजन असेल, तर दोन टायरना मिळून सुमारे ३५० किलोचा भार पेलावा लागतो आणि तोही तळहाताएवढ्या दोन टेकणाऱ्या जागांवर. जोराचा ब्रेक लावताना तर जवळजवळ सारा भार पुढच्या टायरवर येतो.

म्हणून पुढच्या टायरबाबत तडजोड नको. मागचा टायर सरकला तर निदान सावरण्याची संधी मिळते. पुढचा सरकला की चालक बहुधा जमिनीवरच असतो. 'मागचा नवा घेतला, पुढचा अजून चालेल' हा काटकसरीचा निर्णय ट्रॅकसाठी उलटा आहे.

टायरच्या भिंतीवरील अक्षरेही वाचावीत. '१००/९०-१७ ५५ पी' यातील ५५ हा भारांक २१८ किलो आणि पी हे अक्षर ताशी १५० किलोमीटर ही कमाल मर्यादा दाखवते. '१५०/६० आर१७ ६६ एच' यात भारमर्यादा ३०० किलो व वेगमर्यादा ताशी २१० किलोमीटर आहे. या मर्यादा निकोप आणि योग्य हवा असलेल्या टायरसाठी आहेत. मोटारसायकलच्या पुस्तिकेत दिलेल्या वेगाक्षरापेक्षा खालच्या दर्जाचा टायर स्वस्त मिळाला म्हणून कोणी बसवला असेल, तर तो कितीही नवा असला तरी ट्रॅकवर नेऊ नये.

वय लपत नाही

टायरच्या भिंतीवर लांबट गोलात चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. रबर वापराविनाही म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे त्याची लवचीकता कमी होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर टायर दिसायला कसाही असला तरी बदलावा, असा अनेक टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो. हा सल्ला रस्त्यासाठी आहे; ट्रॅकवर जाणाऱ्याने याहून कडक राहावे. पाच वर्षे पार केलेला टायर ट्रॅकसाठी बाद, असा नियम स्वतःला घालून घेतल्यास नुकसान काही होत नाही.

वर्षभर सोसायटीच्या वाहनतळात उभ्या राहिलेल्या मोटारसायकलचा टायर नक्षीने भरलेला दिसतो. पण नख दाबले तर रबर दबत नाही, खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा असतात, भिंतीवर कोरड्या जमिनीसारखे जाळे असते. खोलीमापक अशा टायरला उत्तीर्ण करील, ट्रॅक करणार नाही.

पृष्ठभाग काय सांगतो?

ट्रॅकवर काही फेऱ्या मारून परतल्यावर निकोप टायरचा पृष्ठभाग मंद काळा व बारीक पॉलिश कागदासारखा खरखरीत दिसतो. यापेक्षा वेगळे काही दिसले तर थांबून विचार करावा.

एका बाजूला झुकलेल्या बारीक लाटा किंवा फाटल्यासारखे ओरखडे असतील, तर हवा, तापमान किंवा सस्पेन्शनची मांडणी यांपैकी काहीतरी जुळलेले नाही. पुढच्या टायरवर ठरावीक अंतराने खोलगट वाट्यांसारखी झीज दिसली, तर सस्पेन्शन व हँडलच्या बेअरिंगची तपासणी आवश्यक आहे. नुसता टायर बदलून दोष जाणार नाही. रबरावर फोड आले असतील, तर टायर आतून अतितप्त झालेला आहे. त्याला त्या दिवशीच निरोप द्यावा.

टायर चमकवण्यासाठी लावले जाणारे पॉलिश ट्रॅकपूर्वी मुळीच लावू नये. ते खांद्यावर ओघळले तर पहिल्याच वळणात घात होतो. कोऱ्या राहिलेल्या खांद्यांवर धूळ व मूळचा गुळगुळीतपणा असतो. पहिल्या काही फेऱ्या सौम्यपणे मारून तो भाग हळूहळू कामाला लावावा.

लपलेल्या जखमा

पावसाळ्यात तळेगाव-चाकण रस्त्यावरून ये-जा करणाऱ्यांना खड्ड्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळले, की कधी कधी रिम आणि खड्ड्याच्या कडेमध्ये टायर चिमटला जातो आणि आतील धागे तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. काही दिवसांनी भिंतीवर टेंगूळ येते. असे टेंगूळ, आतील धागे दाखवणारी चीर किंवा रिमचा वाकलेला काठ आढळल्यास मोटारसायकल रस्त्यावरूनही काढून घ्यावी.

ट्यूबलेस टायरमध्ये रस्त्याकडेला चिकट पट्टी खुपसून काढलेले पंक्चर घरी पोहोचण्यापुरते असते. ४५ अंशांच्या झुकावात आणि वाढलेल्या तापमानात ती पट्टी टिकेल, यावर कोणीही विसंबू नये. पंक्चर काढलेला टायर ट्रॅकसाठी बाद समजावा. तसेच जुन्या टायरवर खाचा पुन्हा कोरून तो नव्यासारखा दाखवण्याचे प्रकारही होतात. कोरलेल्या खाचेत झीजदर्शक उंचवटा सापडत नाही किंवा तो कापलेला असतो, ही त्याची खूण.

हवेचा हिशेब

टायर तापला की आतील हवेचा दाब वाढतो. ३० अंश तापमानाला ३० पीएसआय हवा असलेला टायर ७० अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे ३६ पीएसआय होतो. टायर फुगून त्याची टेकणारी जागा आक्रसते. म्हणूनच ट्रॅकवर थंड टायरमध्ये रस्त्यापेक्षा थोडी कमी हवा ठेवली जाते. किती कमी, हे टायर कंपनीच्या सूचनेनुसार आणि ट्रॅकवरील प्रशिक्षकांना विचारून ठरवावे. अंदाजाने हवा सोडू नये.

आणखी एक बारकावा. चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, इरुंगट्टुकोट्टई जवळजवळ समुद्रसपाटीला. तेथे बाहेरील हवेचा दाब जास्त असल्याने चिंचवडला भरलेली हवा तेवढ्याच तापमानात मोजली, तरी मापकावर सुमारे १ पीएसआय कमी दिसते. स्वतःचा चांगला मापक सोबत ठेवावा, सकाळी थंड टायरवर आणि प्रत्येक फेरीसत्रानंतर लगेच दाब मोजून लिहावा.

जाणकारांनाही मर्यादा असतात

टायरच्या सहनशक्तीला सीमा असते, हे जागतिक पातळीवरही दिसले आहे. चाकणमध्येही कारखाना असलेली ब्रिजस्टोन ही कंपनी २००९ ते २०१५ या काळात मोटोजीपी शर्यतींची एकमेव टायर पुरवठादार होती. २० ऑक्टोबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंड येथे नव्याने डांबरीकरण केलेल्या ट्रॅकवर टायर पूर्ण शर्यत टिकणार नाहीत, असे सरावातच लक्षात आले. एरवी २७ फेऱ्यांची असणारी शर्यत १९ फेऱ्यांची करण्यात आली आणि एका टायरवर १० पेक्षा अधिक फेऱ्या मारू नयेत, असा नियम झाला. मार्क मार्केझ एक फेरी उशिरा मोटारसायकल बदलण्यास आत आला व बाद ठरवला गेला. होर्गे लोरेन्झो जिंकला.

जगातील सर्वोत्तम चालक, सर्वोत्तम अभियंते आणि नवे कोरे टायर असताना निर्णय झाला तो फेऱ्या मोजून. 'अजून एक फेरी चालेल' हा युक्तिवाद तेथे मान्य झाला नाही. हौशी चालकाने तरी तो स्वतःपुरता का मान्य करावा?

शर्यतीतून उतरवलेले स्लिक स्वस्तात मिळतात, त्यांनाही हेच लागू आहे. त्यांत रबर दिसत असले, तरी ते किती वेळा पूर्ण तापून थंड झाले, हे दिसत नाही. प्रत्येक वेळी रबराची पकड थोडी घटते. शिवाय नक्षी नसलेला टायर रस्त्यावर वापरणे नियमबाह्य आहे.

निर्णय कसा घ्यावा?

निर्णय ट्रॅकवर नव्हे, घरी आणि निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावा. म्हणजे नवा टायर आणून बसवण्यास आणि रस्त्यावर शंभर-दीडशे किलोमीटर चालवून त्याचा गुळगुळीतपणा घालवण्यास वेळ मिळतो.

टायर पाच वर्षांच्या आतील आहे, गोलाई शाबूत आहे, मध्यभागी व खांद्यांवर साधारण निम्मी नक्षी शिल्लक आहे, पंक्चर, टेंगूळ व भेगा नाहीत, वेगाक्षर पुस्तिकेप्रमाणे आहे. अशा टायरवर ट्रॅकचा दिवस काढता येईल. मात्र दिवसभराची झीज आणि परतीचा प्रवास धरूनही तो झीजदर्शक उंचवट्याच्या बराच वर राहील का, हे पाहावे. सकाळी ३ मिलिमीटर असलेली खाच जेवणाच्या सुट्टीत २.४ भरली, तर संध्याकाळी ती १.८ च्या आसपास येणार, हा सरळ हिशेब आहे. मग १,२०० किलोमीटर परत यायचे आहे.

मध्यभागी सपाट झालेला, पण अन्यथा निकोप टायर नक्षी उरेपर्यंत शहरातील कामासाठी वापरावा, ट्रॅकसाठी नाही. फोड, टेंगूळ, उघडे धागे, खोल भेगा किंवा उंचवट्यापर्यंतची झीज यांपैकी एकही असेल, तर तो टायर कोठेही वापरू नये आणि दुसऱ्याला विकूही नये.

शंका राहिली तर काय करावे? ट्रॅकचा दिवस पुढे ढकलता येतो. ट्रॅकवर आपण एकटे नसतो. आपल्या मागून येणाऱ्याला आपल्या टायरची अवस्था ठाऊक नसते आणि आपण पडलो तर त्यालाही टाळायला जागा मिळेलच असे नाही. ट्रॅक हा टायर संपवण्याची जागा नाही. तेथे नेलेला टायर, मोटारसायकल आणि चालक या तिघांनीही चिंचवडला सुखरूप परत यावे, एवढाच या तपासणीचा हेतू आहे.